पोलिसांनी मोबाईल मागितला तर: कागद आधी, फोन नंतर

कुर्ल्यातल्या एका कायदा मदत केंद्रात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, फोन परत कधी मिळेल?" मी विचारते, पंचनाम्याची प्रत आहे का? नसते. कुठल्या गुन्ह्यात घेतला? माहीत नसतं. कोणी घेतला? "साहेब होते एक." पासवर्ड मात्र दिलेला असतो, कुठल्यातरी चिठ्ठीवर, स्वतःच्या हातानं लिहून.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. पण पोलीस ठाण्याच्या टेबलाशी तो हक्क तुमच्या हातातल्या कागदाइतकाच उरतो. फोन हातातून जाण्यापूर्वी कागद मिळाला, तर पुढे वकील, कोर्ट, आयोग सगळ्यांना धरायला काहीतरी असतं. कागद नसेल, तर फोन घेतला होता हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या मेसेजमधले कलम ९१, १०२, १६० हे आकडे आता चालत नाहीत. त्यांच्या जागी अनुक्रमे ९४, १०६, १७९ आले आहेत. जुन्या '४१ अ'च्या नोटिशीचं आता ३५(३) झालं आहे. चुकीचं कलम ठासून सांगितलंत की समोरचा अधिकारी तुमचं बाकीचंही ऐकत नाही.

टप्पा १: आज, घरी बसून करायची तयारी

ही तयारी कुठलीही चौकशी सुरू नसताना करायची आहे. नंतर केलीत तर तीच अंगाशी येते. त्याबद्दल खाली इशारा आहे, तो वगळू नका.

फोनवर *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक दिसेल, दोन सिमच्या फोनमध्ये दोन क्रमांक दिसतील. ते कागदावर उतरवा. शेजारी कंपनी, मॉडेल, रंग, सिमचे नंबर आणि कुठे तडा गेला असेल तर तोही लिहा. खरेदीचं बिल त्याच कागदाला टाचून घरी ठेवा. अनेकजण याचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवतात. फोन जमा झाल्यावर तो फोटो काय कामाचा?

दोन नंबर तोंडपाठ करा, एक घरचा आणि एक वकिलाचा. ओळखीचा वकील नसेल तर १५१०० लक्षात ठेवा, ती मोफत कायदेशीर मदतीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला रात्री ठाण्यातून फोन करायची परवानगी मिळाली होती, पण त्याला स्वतःच्या आईचा नंबर आठवला नाही. सगळे नंबर समोरच्या टेबलावर ठेवलेल्या, बंद फोनमध्ये होते.

लॉकसाठी किमान सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख सोडून. बोटाच्या रेघेचा पॅटर्न काचेवर उमटतो आणि शेजारी उभ्या माणसालाही दिसतो. लॉक असताना पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर तो सेटिंगमधून लपवा. फोन लॉक असूनही बँकेचा ओटीपी आणि बहिणीचा मेसेज वाचता येत असेल, तर त्या लॉकला अर्थ नाही. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जुन्या ऑफिसचा संगणक अजून जोडलेला आहे का, तेही बघून घ्या.

बोटाचा ठसा आणि चेहरा यांनी उघडणारा फोन बंद करून पुन्हा चालू केला, की पहिल्यांदा पिनच मागतो. एकदा करून बघा, म्हणजे गरज पडेल तेव्हा हात थरथरत असले तरी जमेल.

आणि रोजच्या जगण्याचा पर्यायी बंदोबस्त करा. मुंबईत अनेकांचा लोकलचा पास ॲपमध्ये, पैसे यूपीआयमध्ये आणि ऑफिसची हजेरीही फोनमध्येच असते. फोन तपासणीसाठी कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला तर महिनोन्‌महिने येत नाही. एटीएम कार्ड पाकिटात ठेवा, आणि फोटो-संपर्कांची प्रत दुसरीकडे ठेवा.

सावधान: नोटीस आल्यावर, गुन्हा नोंदल्याचं कळल्यावर किंवा चौकशीचा फोन आल्यावर काहीही पुसू नका. चॅट नाही, फोटो नाही, कॉल लॉगही नाही. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याचा मूळ प्रकरणाशी काही संबंध नसतो तो माणूस घाबरून चॅट पुसतो आणि संशयित होतो. फोन जमा झाल्यावर घरून लांबून 'इरेज' करणं हीही तीच चूक, उलट जास्त मोठी.

टप्पा २: नाकाबंदीवर

इथली नेहमीची चूक अगदी साधी आहे. हवालदार लायसन्स मागतात, आपण डिजिलॉकर उघडतो आणि उघडा फोनच त्यांच्या हातात देतो.

मोटार वाहन नियमांनुसार लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी ही कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. दाखवणं म्हणजे फोन सुपूर्द करणं नव्हे. फोन आपल्या हातात धरा आणि पडदा त्यांच्याकडे करा. अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गायडेड ॲक्सेस' अशी सोय असते. ती लावली की उघडलेलं एकच ॲप पडद्यावर राहतं आणि दुसरीकडे जायला पिन लागतो. त्याहून सोपं म्हणजे छापील झेरॉक्ससोबत मूळ लायसन्स खिशात ठेवणं.

"व्हॉट्सॲप दाखव", "गॅलरी उघड" असं म्हटलं गेलं तर? गाडीची कागदपत्रं दाखवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, पण रस्त्यावर कोणाचंही चॅट सरसकट वाचण्याचा अधिकार देणारी तरतूद कायद्यात नाही. हुज्जत न घालता एवढंच म्हणा:

"साहेब, गाडीचे कागद मी माझ्या हातानं दाखवतो. फोन तपासायचा असेल तर तसं लेखी द्या आणि पंचनामा करा. मी अडवत नाही."

हे वाक्य घरी दोनदा मोठ्यानं म्हणून ठेवा. शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. आवाज चढवू नका, फोन हिसकावू नका, कोणाचा हात धरू नका. सरकारी कामात अडथळा आणि लोकसेवकावर हल्ला या कलमांखाली गुन्हा दाखल झाला, तर मूळ मुद्दा तिथेच हरवतो. फोन ओढून घेतलाच तर जाऊ द्या. नावाची पट्टी, बक्कल नंबर, वेळ, जागा आणि पोलीस गाडीचा नंबर डोक्यात ठेवा, घरी पोचताच कागदावर उतरवा आणि त्याच रात्री ठाण्याला लेखी कळवा.

टप्पा ३: बोलावणं आलं

आधी ते खरं आहे का ते बघा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत आणि "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करू नका" हा शंभर टक्के फसवणुकीचा प्रकार आहे. डिजिटल अरेस्ट अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवा, ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा किंवा प्रत्यक्ष जाऊन या. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा.

बोलावणं खरं असेल तर पुढचा प्रश्न, आणि लोक नेमका हाच विचारायचा विसरतात: मी साक्षीदार म्हणून बोलावलेला आहे की संशयित म्हणून? उत्तर नोटिशीच्या कलमात असतं.

कलम १७९ म्हणजे साक्षीदार. यात स्त्रियांना, १५ वर्षांखालच्या मुलांना, ६० वर्षांवरच्या पुरुषांना, अपंग व्यक्तींना आणि गंभीर आजारी माणसांना राहत्या घराबाहेर कुठेही येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा असतो. "काकू, पाच मिनिटं ठाण्यात या" यावर "साहेब, कलम १७९ प्रमाणे तुम्ही घरी या, मी सहकार्य करते" हे पूर्ण कायदेशीर उत्तर आहे. आपण होऊन जायचं असेल तर जाता येतं.

कलम ३५(३) म्हणजे तुमच्याविरुद्ध वाजवी तक्रार किंवा संशय आहे, पण तूर्त अटकेची गरज नाही. ही नोटीस टाळायची नाही. हजर झाला नाहीत तर अटकेचा रस्ता उघडतो. वकिलाला भेटल्याशिवाय जाऊ नका.

कलम ९४ म्हणजे वस्तू किंवा दस्तऐवज हजर करा. नव्या संहितेनं यात मोबाईलसारखी संपर्क साधनंही स्पष्टपणे घातली आहेत. कोर्टाचं समन्स असेल किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश असेल, दोन्हीकडे 'लेखी' हा शब्द आहे. आणि तुम्ही आरोपी असाल तर एक वेगळा मुद्दा वकिलानं मांडायलाच हवा: जुन्या संहितेतल्या याच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये सांगितलं होतं, की ती आरोपीला स्वतःविरुद्धचा दस्तऐवज हजर करायला लावण्यासाठी वापरता येत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीबद्दल खूपजण विचारतात. ३५ आणि १७९ खालच्या नोटिसा व्हॉट्सॲपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गानं बजावता येणार नाहीत, त्या कायद्यात सांगितलेल्या रीतीनंच बजावाव्या लागतील, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तरीही मेसेजकडे दुर्लक्ष करून बसू नका. "मेसेज मिळाला, सहकार्याची तयारी आहे, कृपया नोटीस रीतसर बजावावी" असं उत्तर द्या आणि ते जपून ठेवा.

आता साक्षीदाराला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट. पोलिसांना हवं असतं एका माणसाशी, दोन दिवसांत झालेलं बोलणं. आपण देतो अख्खा फोन, ज्यात बायकोचे रिपोर्ट, मुलीच्या शाळेचे फोटो, मित्राची कर्जाची रडकथा आणि वकिलाशी झालेली बोलणीही असतात. त्या सगळ्यांनी तुम्हाला परवानगी दिलेली नसते. म्हणून ९४ च्या आदेशाला लेखी उत्तर द्या: कोणत्या तारखांचं, कोणाशी झालेलं, कोणत्या स्वरूपातलं बोलणं तपासाला हवं ते कळवावं, तेवढी प्रत मी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी लागणाऱ्या) प्रमाणपत्रासह देतो. काही अधिकारी हे मान्य करतात. नाही मान्य केलं, तरी तुम्ही पर्याय दिला होता याचा कागद राहतो, आणि मागणी प्रमाणात होती की नाही हा प्रश्न कोर्टात विचारता येतो.

*सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठी.* हीच चूक इमारतींमध्ये रोज होते. खालच्या गल्लीत चोरी झाली की पोलीस वॉचमनच्या केबिनमधून डीव्हीआरच, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्रच उचलून नेतात. त्यात महिनाभर कोण कोणाकडे आलं-गेलं ते सगळं असतं. सेक्रेटरींनी लेखी पत्र मागावं, पत्रात तारीख आणि वेळेची चौकट असावी, आणि तेवढ्याच चित्रणाची प्रत पेनड्राइव्हवर प्रमाणपत्रासह देऊन पोच घ्यावी. मूळ डीव्हीआर न्यायचाच असेल तर पंचनाम्याशिवाय देऊ नये.

टप्पा ४: ठाण्याचा उंबरठा ओलांडताना

एकटे जाऊ नका. बाहेर थांबणाऱ्या माणसाला आत गेल्याची वेळ टिपायला सांगा. नोटिशीची एक झेरॉक्स घरी, एक खिशात. फोन आत नेण्यापूर्वी बंद करा.

आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच अंक दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्या आणि तिच्यावर "अमुक चौकशीसाठी, तारीख अमुक" असं आडवं लिहा. बोटांचे ठसे, बुबुळांची नोंद वगैरे घेण्याचा २०२२ चा कायदा दोषी ठरलेल्या, अटक झालेल्या किंवा प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या माणसांसाठी आहे. निव्वळ साक्षीदाराकडून तसं काही हवं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, संहितेचं कलम १८१ तसंच सांगतं. अनेकांना हे खोटं वाटतं. पंचनामा आणि जबाब हे दोन वेगळे कागद आहेत, त्यात गल्लत करू नका.

ठाण्यात मोबाईलवर चित्रण करणं हा शासकीय गुपितांचा भंग नाही, कारण पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. कायदा तुमच्या बाजूनं असला, तरी माझा सल्ला असा: तिथल्या तिथे कॅमेरा रोखल्यानं वातावरण तापतं आणि फोन तिथेच जातो. ठाण्याचे स्वतःचे कॅमेरे असतात, त्यांचा उपयोग कसा करायचा ते टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा ५: जप्ती आणि पंचनामा

सगळं प्रकरण इथे ठरतं. घाई करू नका, आणि कोणी घाई केली तरी वाचल्याशिवाय सही करू नका.

कलम १०६ खाली पोलीस गुन्ह्याशी संबंधित संशयास्पद वस्तू ताब्यात घेऊ शकतात. त्यासाठी तुमची संमती लागत नाही. पण ताब्यात घेतानाच्या प्रक्रियेचं, यादी बनवण्याचं आणि पंचांच्या सह्यांचं ध्वनि-चित्रमुद्रण करणं कलम १०५ नं बंधनकारक केलं आहे, आणि ते मुद्रण विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा त्या कलमात सांगितलेल्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. पोलिसांकडे त्यासाठी 'ई-साक्ष्य' हे ॲप आहे. शांतपणे विचारा, "साहेब, रेकॉर्डिंग सुरू आहे ना?" नसेल तर या प्रश्नानं बहुतेक वेळा सुरू होतं.

अटकेच्या वेळी अंगझडतीत फोन घेतला तर कलम ४९ प्रमाणे घेतलेल्या वस्तूंची पावती मिळाली पाहिजे. घराची विनावॉरंट झडती झाली असेल तर कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याला झडतीची कारणं लिहून ठेवावी लागतात आणि त्या नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातात. तुम्ही अर्ज केलात तर त्यांची प्रत कोर्टातून विनामूल्य मिळते. ही सोय क्वचितच कोणी वापरतं. वापरा. चार दिवसांनी मागून रचलेली कारणं त्यात शिरू शकत नाहीत.

पंचनामा हातात आला की बोटानं ओळ धरून बघा:

– गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमं, ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा.
– पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, जागा. ठाण्यात घेतलेला फोन "राहत्या घरी घेतला" असं लिहिलेलं नाही ना?
– कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय, सिम, मेमरी कार्ड. घरच्या कागदाशी जुळवा.
– फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा.
– पाकिटात घालून सील केला का, लेबलवर पंचांच्या आणि तुमच्या सह्या आहेत का.
– दोन पंच खरोखर समोर होते का.

मग एक शब्द शोधा: "स्वखुशीने". "सदर इसमाने स्वखुशीने मोबाईल व त्याचा पासवर्ड सांगितला" हे वाक्य मी इतक्या पंचनाम्यांत वाचलं आहे, की ते लिहिणाऱ्याच्या हाताला पाठ झालेलं असावं. पासवर्ड दिला नसेल, किंवा दरडावून घेतला असेल, तर या वाक्याखाली केलेली सही पुढे तुमची संमती म्हणून वाचली जाते. दुरुस्ती मागा. करत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: "पासवर्ड दिलेला नाही" किंवा "फोन मागणीवरून दिला, स्वखुशीने नाही". प्रत नाकारली तर "प्रत मिळाली नाही" असं लिहून तारीख आणि वेळ टाका. एवढी एक ओळ वर्षभरानं फार मोठं काम करते.

हॅश व्हॅल्यू जप्तीच्या वेळीच मिळते, असा गैरसमज आहे. हॅश म्हणजे डेटाची अंकांतली ओळख, एक अक्षर बदललं तरी ती बदलते. साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात ती लिहावी लागते. पण लॉक असलेल्या फोनची हॅश ठाण्याच्या टेबलावर काढता येत नाही, ती डेटाची प्रत काढताना निघते. म्हणून जप्तीच्या वेळी आग्रह सीलचा धरा, आणि प्रत काढताना हॅशची नोंद मिळावी असा अर्ज नंतर द्या. मधल्या काळात कोणी टेबलाशी बसून फोन चाळला असेल, तर काढलेली हॅश त्या चाळण्यानंतरची असते.

तपासा: ठाण्यातून बाहेर पडताना हातात पंचनाम्याची प्रत किंवा पावती आहे? नसेल तर बाहेर पडताच टप्पा ७ मधला पहिला अर्ज.

टप्पा ६: पासवर्ड

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पासवर्ड सांगणं ही तशी साक्ष आहे का, यावर न्यायालयांची मतं वेगळी आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं, की कोर्टाच्या आदेशानं फोन उघडायला सांगता येतं आणि ती स्वतःविरुद्धची साक्ष होत नाही. दिल्लीच्या एका विशेष सीबीआय न्यायालयानं २०२२ मध्ये आरोपीवर पासवर्डची सक्ती करायला नकार दिला.

तेव्हा व्यवहारात काय करायचं? तोंडी मागणीवर देऊ नका, आणि खोटा पासवर्डही देऊ नका. "कोर्टाचा आदेश झाला तर वकिलाच्या सल्ल्यानं त्याचं पालन करेन" असं म्हणा. विचार करून द्यायचं ठरवलंत तर ते पंचनाम्यात नोंदवून द्या, चिठ्ठीवर कधीच नाही. आणि बँक किंवा यूपीआयचा पिन हा फोनच्या पासवर्डपेक्षा वेगळा विषय आहे, तो कोणालाच सांगायचा नाही.

टप्पा ७: पुढचे काही दिवस

पहिल्या दिवशी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या: फोन कधी, कोणी, कुठे घेतला, आयएमईआय अमुक, पंचनाम्याची प्रत मिळावी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना द्या.

त्याच दिवशी एफआयआर शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर चढवायचा असतो. फोन घेतला, पण गुन्हाच नोंद नाही असं दिसलं, तर ते वकिलाला ताबडतोब सांगा.

ठाण्यात मारहाण, धमकी किंवा पासवर्डसाठी दमदाटी झाली असेल तर कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवण्याचा स्वतंत्र अर्ज द्या. २ डिसेंबर २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, कमीत कमी एक वर्ष, जपायला सांगितलं आहे. अर्जात तारीख, तासांची चौकट आणि खोली लिहा. "कॅमेरा बंद होता" हे उत्तर आलं तरी ते लेखीच घ्या.

त्यासोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, त्यामुळे चित्रण आणि पंचनामा यांचे अर्ज वेगळे करा. उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण तो प्रश्न कसा आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. "तपासात बाधा येईल" असा नकार आला तर प्रथम अपील ३० दिवसांत करा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

नव्या डेटा संरक्षण कायद्याचा आधार घेऊन पोलिसांकडे डेटा पुसण्याची मागणी करणारे अर्ज माझ्याकडे येऊ लागले आहेत. त्यात वेळ घालवू नका. गुन्ह्याच्या तपासासाठी त्या कायद्यात सूट आहे.

आणि टॅपिंगची भीती. *#२१# दाबून फोन टॅप होतोय का ते कळतं, हा मेसेज खोटा आहे. त्या कोडवर फक्त कॉल दुसरीकडे वळवलाय का ते दिसतं. टॅपिंग कंपनीच्या बाजूनं होतं, तुमच्या फोनमध्ये त्याची खूण नसते. ते कायदेशीर आहे की नाही हा प्रश्न आदेशावर उभा असतो: राज्यात गृह सचिवांचा लेखी आदेश, एका वेळी ६० दिवस, एकूण १८० दिवसांच्या वर नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये एका लाचखोरीच्या प्रकरणातले असे आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच तिथे दिसत नव्हतं. दोषारोपपत्रात तुमच्या संभाषणाचा उतारा दिसला, की वकिलाला पहिल्यांदा त्या आदेशाची प्रत मागायला सांगा.

टप्पा ८: फोन परत आणणं

पोलीस ठाण्यात फेऱ्या मारणं ही शेवटची मोठी चूक. "पुढच्या आठवड्यात या" ऐकत लोक सहा महिने घालवतात. जप्त मुद्देमाल परत देण्याचा अधिकार कोर्टाचा आहे. तुमच्या ठाण्याचं कोर्ट कुठलं ते आधी विचारा, किल्ला कोर्ट, भोईवाडा, कुर्ला, अंधेरी की आणखी कुठलं. खटला किंवा चौकशी कोर्टापुढे असेल तर कलम ४९७ खाली आणि जप्तीचा अहवाल गेला पण प्रकरण अजून सुरू नसेल तर ५०३ खाली अर्ज होतो. मुद्देमाल ठाण्यात गरजेपेक्षा जास्त काळ पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे. तो निर्णय वकिलांना माहीत असतो.

अर्जाला बिल, आयएमईआयचा कागद आणि पंचनाम्याची प्रत जोडा. फोन कशासाठी हवा ते नेमकं लिहा: रिक्षाचं ॲप, आईच्या डायलिसिसच्या अपॉइंटमेंट, कामाची हजेरी. कोर्ट पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं मागवतं. "तपास बाकी आहे" असं आलं तर डेटाची प्रत काढून झाली का, हे कोर्टानं विचारावं अशी विनंती करा. प्रत निघाली असेल तर मूळ फोन अडवून ठेवायचं कारण बरंच कमी होतं.

आदेशात बंधपत्र आणि अटी असतात: विकायचा नाही, बदलायचा नाही, बोलावल्यावर हजर करायचा. त्या अटी असेपर्यंत फॅक्टरी रीसेट करू नका, नवा फोन वापरायला घ्या. ईमेल, व्हॉट्सॲप, बँक या सगळ्यांचे पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून त्याच दिवशी बदला.

ताबा पावतीवर सही करण्याआधी मुद्देमाल कारकुनासमोर पाकिटाचं सील बघा आणि पंचनाम्यातल्या वर्णनाशी ताडा. आयएमईआय सिम ट्रेवर किंवा मागच्या बाजूला छापलेला असेल तर तो जुळवा. फोन चालू करा, तडा, कॅमेरा, मेमरी कार्ड बघा. सील आधीच फुटलेलं असेल तर पावतीवर तसं लिहा, मग सही करा.